एका झेलाच्या चार आरोळ्या

२९ जून २०२४ ची रात्र. बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १६ धावा हव्यात. हार्दिक पंड्याचा पहिलाच चेंडू डेव्हिड मिलरने उचलला. सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर तो पकडला, तोल जातोय म्हणून आत उडवला, स्वतः बाहेर जाऊन आला आणि झेल पुरा केला. आमच्या सोसायटीत या एका झेलाची आरोळी चार वेळा उठली. पहिली समोरच्या विंगमधून; तिथे गच्चीवर डिशच्या छत्र्यांची रांग आहे. दुसरी केबलवाल्या घरांतून. तिसरी आमच्या घरातून, कारण आम्ही स्मार्ट टीव्हीवर अ‍ॅप लावून बसलो होतो. चौथी, बऱ्याच उशिराने, गेटपाशी पाण्याच्या बाटलीला मोबाईल टेकवून बसलेल्या वॉचमनकाकांची. त्यांची आरोळी उठली तेव्हा समोरच्या विंगवाले त्याच झेलाचा रिप्ले बघत होते.

असं का होतं ते आधी उरकून टाकू. छत्रीवर सिग्नल उपग्रहावरून सरळ येतो, त्यामुळे उशीर होतो तो काही सेकंदांचाच. अ‍ॅपचं तसं नाही. तिथे चित्राचे काही काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते ठिकठिकाणच्या सर्व्हरवर पोचतात, आणि मधेच नेट अडखळलं तर पंचाईत नको म्हणून तुमचा फोन दोन-चार तुकडे आधी साठवून ठेवतो. मग दाखवायला सुरुवात करतो. या साठवणुकीत वीस-तीस सेकंद सहज जातात. शेजारच्यांनी आधीच ओरडून विकेट सांगितली तर त्यांचा काही दोष नाही.

१९८३ साली लॉर्ड्सवर कपिलच्या हातात चषक आला तेव्हा आरोळी एकच होती, कारण दाखवणारं दूरदर्शन एकच होतं. टीव्ही मोजक्या घरांत. एका खोलीत तीस माणसं, उंबऱ्यावर चपलांचा ढीग, खिडकीला लटकलेली पोरं.

मोठ्या सामन्यांचा टीव्हीवरचा प्रेक्षक घटतोय, अशा बातम्या गेली दहा-पंधरा वर्षं वेगवेगळ्या देशांतून येत आहेत. त्या खोट्या नाहीत. पण 'प्रेक्षक घटला' या दोन शब्दांत तीन-चार निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात, आणि त्या सुट्या केल्याशिवाय बातमीचा अर्थ लागत नाही.

हिशेब जुना आणि सलग मिळतो तो अमेरिकेत, म्हणून तिथून सुरू करू. तिथल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेला वर्ल्ड सिरीज म्हणतात. जो संघ आधी चार सामने जिंकेल तो विजेता. १९७८ मध्ये न्यूयॉर्क यँकीज आणि लॉस एंजेलिस डॉजर्स खेळले तेव्हा सामन्यामागे सरासरी ४ कोटी ४० लाखांच्या आसपास लोक टीव्हीसमोर होते. २०२३ मध्ये टेक्सास रेंजर्स आणि अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स समोरासमोर आले, तेव्हा ही सरासरी ९१ लाखांवर आली. नोंदी सुरू झाल्यापासूनचा हा नीचांक. बास्केटबॉलची कथा याच वळणाची. १९९८ ची एनबीए फायनल, म्हणजे शिकागोकडून मायकेल जॉर्डनची शेवटची, सरासरी २ कोटी ९० लाख. २०२४ ची फायनल १ कोटी १३ लाख. या काळात देशाची लोकसंख्या वाढलेली आहे, घटलेली नाही.

आणि याच देशात फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल, १२ कोटी ७७ लाख लोकांनी पाहिला. तोवरचा विक्रम. तेव्हा लोकांनी खेळ पाहणंच सोडलं, असं म्हणून हात झटकायची सोय नाही.

आता हे आकडे येतात कुठून ते पाहू, कारण निम्मी गुंतागुंत तिथेच आहे. अमेरिकेत नील्सन आणि आपल्याकडे बार्क या संस्था प्रत्येक घर मोजत नाहीत. भात शिजला का हे पाहायला आपण चार शितं चेपून बघतो, तसं काही हजार घरं निवडून तिथल्या टीव्हीला मीटर जोडतात. त्या घरांत कोण काय पाहतंय यावरून अख्ख्या देशाचा अंदाज बांधतात. कोट्यवधी टीव्हींच्या देशात बार्कची मीटर लावलेली घरं पन्नास-साठ हजारांच्या घरात. पद्धत शास्त्रीय आहे, पण शितं चुकीच्या बाजूची निघाली तर भात कच्चा राहतो, हे कुठल्याही घरात ठाऊक असतं.

दुसरा प्रश्न, मोजायचं काय? समजा एका चाळीत दहा माणसं आहेत आणि सामना चार तासांचा, म्हणजे २४० मिनिटांचा आहे. चौघं पहिल्या चेंडूपासून शेवटपर्यंत हलले नाहीत. तिघं फक्त शेवटचा तासभर बसले. उरलेल्या तिघांनी सुरुवातीला वीस मिनिटं पाहिलं आणि कामाला लागले. किती जणांनी सामना पाहिला?

जाहिरात विकणारा म्हणेल, दहा. ज्याने ज्याने थोडा वेळ तरी पाहिलं तो धरायचा, याला रीच म्हणतात. अ‍ॅपवाला म्हणेल, सात. एका क्षणी जास्तीत जास्त किती जण एकदम होते, त्याला कॉन्करन्सी म्हणतात. आणि मीटरवाला म्हणेल, पाच. तो सगळ्यांची मिनिटं जोडतो: चौघांची ९६०, तिघांची १८०, बाकीच्या तिघांची ६०, एकूण १,२००. भागिले २४०, उत्तर पाच. याला दर मिनिटाचा सरासरी प्रेक्षक म्हणतात, आणि वर दिलेले अमेरिकेतले आकडे या जातीचे आहेत. एकच चाळ, एकच सामना, दहा, सात किंवा पाच. तिघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नाही. तरी रीचचा आकडा छातीठोकपणे सांगणाऱ्यांकडे मी जरा संशयानेच बघतो.

आपल्या अ‍ॅपवर कोपऱ्यात धावणारा आकडा तर चौथ्याच प्रकारचा. ९ मार्च २०२५ ला दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीचा भारत-न्यूझीलंड अंतिम सामना झाला, तेव्हा जिओहॉटस्टारवर हा आकडा ९० कोटींवर गेला होता. तान्ह्या बाळांसकट देशातल्या दर दहा माणसांमागे सहा! ते 'व्ह्यूज' होते. मी जेवताना अ‍ॅप बंद केलं, विकेट पडली म्हणून उघडलं, फोन आला म्हणून परत बंद केलं आणि परत उघडलं, की माझे एकट्याचे तीन व्ह्यूज. एका क्षणाला एकदम जोडलेल्या उपकरणांचा आकडा अशा सामन्यांत सहा कोटींच्या आसपास असतो. तोही प्रचंडच आहे, पण नव्वद आणि सहा यांत फरक किती!

आता त्या चाळीतल्या सरासरीकडे परत या. चौघांपैकी एकाने ठरवलं, आता शेवटची पाच षटकंच बघायची, बाकी वेळ फोनवर स्कोअर पाहत राहायचं. तो कुठे गेलेला नाही. त्याला प्रत्येक विकेट ठाऊक आहे, कुणी किती चेंडूंत किती केल्या तेही ठाऊक आहे. पण सरासरीच्या हिशेबात तो आता पूर्ण माणूस राहिला नाही, माणसाचा एक तुकडा झाला. असे लाखो झाले की सरासरी कोसळते आणि बातमी येते, 'प्रेक्षक घटले.' माझा भाचा असाच आहे. तीन तासांचा सामना त्याने सलग कधी पाहिलाय ते आठवावं लागेल, पण सामन्याबद्दल वाद घालायला तो माझ्याहून जास्त तयार असतो. त्याच्या पिढीने क्रिकेट सोडलेलं नाही. मोडली आहे ती बैठक. सोफ्यावर, सतरंजीवर, दुसऱ्याच्या घरात, जिथे असेल तिथे तीन-चार तास एका जागी बसणं.

यात आळस वगैरे काही नाही. १९७८ च्या अमेरिकेत संध्याकाळी मोठ्या वाहिन्या होत्या तीन. बेसबॉल आवडो न आवडो, तीनपैकी एका वाहिनीवर तेच चालू असायचं. त्या ४ कोटी ४० लाखांत नाइलाजाने बसलेले किती असतील कुणास ठाऊक. आपल्याकडेही दूरदर्शनवर सामना लागला की घरातल्या आजी-काकू तो पाहायच्याच. दुसरं बटणच नव्हतं. नव्वदीत केबल आली, बटणं आली, आणि आजी मालिकेकडे गेली. हा प्रेक्षक खेळाचा कधी नव्हताच. तो टीव्हीचा होता.

बेसबॉलवाल्यांना वाटलं, आपला खेळ फार लांबतोय म्हणून लोक उठतात. २०२३ मध्ये त्यांनी पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, डोक्यावर घड्याळ टांगलं: ठरलेल्या सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे. उपाय लागूही पडला. नऊ डावांच्या सामन्याची सरासरी ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली. आणि नेमकी त्याच वर्षी वर्ल्ड सिरीजने नीचांक गाठला! कारण वेळ हा दुखण्याचा एक भाग होता, मूळ दुखणं निराळं होतं. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. लोक आपल्या शहराच्या संघाचे सामने वर्षभर स्थानिक वाहिनीवर पाहतात. आपला संघ बाहेर पडला की अंतिम मालिका म्हणजे दुसऱ्याच्या घरचं लग्न. टेक्सास आणि अ‍ॅरिझोना खेळत असताना बोस्टनच्या माणसाने रात्री अकरापर्यंत का जागावं? पुढच्याच वर्षी यँकीज आणि डॉजर्स आले, दोन्ही अफाट पाठीराख्यांचे संघ, आणि सरासरी १ कोटी ५८ लाखांवर गेली. नियम तेच, घड्याळ तेच.

त्या मालिकेत आणखी एक गोष्ट झाली. डॉजर्सकडून जपानचा शोहेई ओहतानी खेळत होता. अमेरिकेत रात्रीचे आठ म्हणजे जपानमध्ये सकाळचे नऊ. तिथे पहिल्या दोन सामन्यांना दीड कोटीच्या आसपास प्रेक्षक होते, म्हणजे अमेरिकेच्या तोडीस तोड. हे लोक अमेरिकेच्या सरासरीत कुठेच दिसत नाहीत. न्यू जर्सीतला मराठी माणूस सकाळी आयपीएल बघतो, तोही आपल्या बार्कच्या वहीत नसतोच.

आपल्याकडचं २०२२ चं आयपीएल आठवा. मुंबई इंडियन्स दहाव्या क्रमांकावर, चेन्नई नवव्या. सगळ्यात जास्त पाठीराखे असलेले दोन संघ तळाला, दोन नवे संघ आलेले, सामने ६० वरून ७४ वर गेलेले. पहिल्या आठवड्याचं टीव्ही रेटिंगच आदल्या वर्षापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने खाली होतं. दादर-परळच्या माणसाला विचारा, त्या मे महिन्यात त्याने किती सामने पाहिले. मुंबई हरायची थांबेना म्हणून घरात रिमोट कुणाच्या हातात द्यायचा यावरून वाद बंद झाले होते.

हे झालं मनाचं. आता दाराचं, कारण काही प्रेक्षक खरोखरच गेला, आणि तो आपणहून गेला नाही. त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण इंग्लंडचं आहे. २००५ ची अ‍ॅशेस, म्हणजे इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिका, तिथे चॅनल फोरवर होती, कुणालाही फुकट दिसणारी. ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत एका क्षणी ८४ लाख लोक पाहत होते. त्यानंतरचे हक्क इंग्लंडच्या मंडळाने स्काय या पैसे भरून पाहायच्या वाहिनीला आधीच देऊन टाकले होते. २००९ मध्ये ओव्हलवर इंग्लंडने पुन्हा अ‍ॅशेस जिंकली, तोच आनंद, तोच शत्रू, आणि सर्वाधिक आकडा होता १९ लाखांच्या आसपास. चार वर्षांत क्रिकेट कंटाळवाणं झालं नव्हतं. मंडळाला पैसा मिळाला आणि तो खेळात गेलाही, हे खरं. पण शाळकरी पोरांची एक पिढी आपल्याच देशाचे खेळाडू ओळखेनाशी झाली, अशी तक्रार तिथे वर्षानुवर्षं चालू होती. मग १४ जुलै २०१९. लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना, इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड. स्कायने तो त्या दिवसापुरता चॅनल फोरलाही दिला. सुपर ओव्हरपर्यंत दोन्हीकडचे मिळून ८० लाखांवर लोक बसलेले. चौदा वर्षांनी दार उघडलं आणि माणसं दाराबाहेरच उभी असल्यासारखी आत आली.

आपल्याकडे हे दार अर्धवट उघडं आहे, आणि त्याची तऱ्हा जरा विचित्र आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यावे लागतात. भारताचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात आहेत; आयपीएल नाही. पण २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हे चित्र दूरदर्शनने स्वतःच्या अँटेनावरच्या प्रक्षेपणात आणि स्वतःच्या डीटीएचवरच, म्हणजे आजच्या डीडी फ्री डिशवर दाखवायचं. खासगी केबल आणि डीटीएचवाल्यांनी ते उचलायचं नाही. म्हणजे महिन्याला एक पैसा न देणाऱ्या फ्री डिशवाल्या घराला भारताचा सामना डीडीवर दिसतो, आणि दरमहा केबलचे पैसे भरणाऱ्याला त्याच वेळी डीडीवर वेगळाच कार्यक्रम दिसतो. गावी गेलं की सामना 'तिकडे दिसतो आणि इकडे दिसत नाही' याचं कोडं अनेकांना पडतं, त्याचं उत्तर हे.

शहरातल्या घरांतून तर सेट-टॉप डबाच निघून चालला आहे. २०१९ मध्ये ट्राय या सरकारी नियामक संस्थेने हव्या त्या वाहिन्या निवडून पैसे भरायची पद्धत आणली. घराघरात वही-पेन घेऊन हिशेब झाले आणि खेळाच्या वाहिन्या बऱ्याच ठिकाणी कात्रीत सापडल्या. 'वर्ल्ड कप आला की लावू' असं म्हणत लोकांनी त्या काढल्या. नेट तर आधीच स्वस्त झालं होतं. २०२० च्या अखेरीस देशात पैसे भरणारे डीटीएच ग्राहक सात कोटींच्या आसपास होते, २०२५ पर्यंत ते सहा कोटींच्या खाली आले. ही घरं खेळ पाहायची थांबली असं नव्हे. २०२३ चं आयपीएल जिओसिनेमावर फुकट होतं, तेव्हा आमच्या बसच्या रांगेतसुद्धा दोन-दोन फोनवर सामना चालू असायचा. पण टीव्हीच्या मीटरला बसची रांग दिसत नाही. आणि मीटरचे माणसांचे आकडे आणि अ‍ॅपचे उपकरणांचे आकडे एकमेकांत मिळवताही येत नाहीत. किलो आणि लिटर यांची बेरीज कशी करणार?

ऑलिम्पिकचं घसरणं यापेक्षा थोडं निराळं आहे. अमेरिकेत एनबीसीवर २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला संध्याकाळच्या वेळी सरासरी ३ कोटी ११ लाख प्रेक्षक होते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकला जेमतेम त्याच्या निम्मे. पुढच्या वर्षी बीजिंगच्या हिवाळी स्पर्धेला १ कोटी १४ लाख. रिकामी मैदानं, वर्षभर पुढे गेलेली स्पर्धा, ही कारणं होतीच. पण मोठं कारण घड्याळ. टोकियो न्यूयॉर्कच्या तेरा तास पुढे. बऱ्याच शर्यती झाल्या तेव्हा अमेरिका झोपलेली, आणि एनबीसीची जुनी रीत अशी की महत्त्वाच्या शर्यती राखून ठेवायच्या आणि संध्याकाळी सगळे जेवायला बसले की दाखवायच्या. फोन नव्हते तेव्हा हे खपून गेलं. आता सकाळी डोळे उघडायच्या आधी निकाल उशाशी येऊन पडलेला असतो. निकाल ठाऊक असलेली शर्यत म्हणजे पाहुणे जेवून गेल्यावर मांडलेलं पान.

पॅरिसला, २०२४ मध्ये, त्यांनी रीत बदलली: सगळं थेट दाखवायचं, अ‍ॅपवर हवं ते निवडू द्यायचं, आणि संध्याकाळी त्याच दिवसाची गोष्ट पुन्हा रंगवून सांगायची. सरासरी ३ कोटी ६ लाख, टोकियोपेक्षा कितीतरी जास्त. टाळ्या वाजवण्याआधी एक बारीक अक्षरातली ओळ वाचा: या आकड्यात पॅरिसमधल्या संध्याकाळचा, म्हणजे अमेरिकेतल्या दुपारचा थेट प्रेक्षक आणि रात्रीचा प्रेक्षक असे दोन्ही मिळवलेले आहेत. वाढ खरी आहे, पण २०१२ शेजारी ठेवून तुलना करायला हा आकडा कामाचा नाही.

त्याच पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्टला, गुरुवारी दुपारी ऐन कामाच्या वेळेत, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक पदक. ते पदक कोल्हापूरने टीव्हीवर किती पाहिलं असेल? आमच्या ऑफिसात ते आलं ते चाळीस सेकंदांच्या व्हिडिओतून, चहाच्या वेळी, आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकाने तो दहा वेळा पाहिलेला होता. मीटरच्या हिशेबात आम्ही सगळे शून्य.

इथे एक कोडं उरतं. प्रेक्षक घटतोय, तर हक्कांचे भाव का चढतात? २०२२ चं ते पडेल आयपीएल २९ मे रोजी संपलं. दोन आठवड्यांनी, जूनच्या मध्यात, पुढच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला आणि बोली गेली ४८,३९० कोटी रुपयांवर. आधीच्या पाच वर्षांचे हक्क १६,३४७ कोटींना गेले होते. जवळपास तिप्पट! टीव्ही आणि डिजिटल वेगळे विकले: भारतासाठी एका सामन्याचे टीव्हीचे साडेसत्तावन्न कोटी, डिजिटलचे पन्नास कोटी. एनबीएने २०२४ मध्ये अकरा वर्षांचा ७,६०० कोटी डॉलरच्या आसपासचा करार केला, तोही फायनलचा प्रेक्षक जॉर्डनच्या काळाच्या निम्म्याहून खाली असताना.

दुष्काळात गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या की जिच्यात कंबरभर पाणी उरलंय तिचा भाव वाढतो. टीव्हीचं तेच झालंय. मालिका, सिनेमे, बातम्या हे सगळं लोक सवडीने बघतात, जाहिरात गाळून बघतात. ठरलेल्या वेळी, जाहिरातीसकट, एकदम कोट्यवधी लोक बघतील अशी एकच गोष्ट उरली. अमेरिकेत २०२३ मध्ये सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० प्रक्षेपणांपैकी ९३ एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचे, सामने होते. आपल्याकडे रिलायन्सची व्हायकॉम१८ आणि डिस्ने स्टार ही दोन श्रीमंत गिऱ्हाइकं एकमेकांवर चढाओढीने बोली लावत होती, हेही भावाचं एक कारण. आणि त्या दोघांचाच नोव्हेंबर २०२४ मध्ये संसार एक झाला. २०२८ पासूनचे हक्क विकायला निघतील तेव्हा समोर कोण बसलेलं असेल, याची काळजी मंडळात कुणीतरी करतच असेल.

राहिला सुपर बोल. तो का टिकला? एनएफएलचा संघ हंगामात १७ सामने खेळतो, बेसबॉलचा १६२, एनबीएचा ८२. अंतिम फेरी म्हणजे सात सामन्यांपर्यंत ताणता येणारी मालिका नव्हे, एक रविवार, एक संध्याकाळ. तो हुकला की वर्षभर नाही. शिवाय तो पाहायला लोक मुद्दाम एकमेकांच्या घरी जमतात, मधल्या वेळातलं गाणं आणि जाहिरातीसुद्धा बघायला बसतात. पण विक्रमातला काही भाग मोजणीचाही आहे. बार, हॉटेल, विमानतळ अशा घराबाहेरच्या ठिकाणी पाहणारे नील्सन २०२० पासून धरू लागली, आणि २०२५ च्या सुपर बोलच्या तोंडावर ही मोजणी सलग मुख्य भूभागभर नेली. माणसं आधीही बारमध्ये होती. वहीत आत्ता आली.

आपल्याकडची एक न मोजलेली जागा मी स्वतः पाहिली आहे. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबादचा अंतिम सामना. सोसायटीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला होता आणि त्याला कुणाचा तरी फोन जोडला होता. टॉसला ऐंशी-नव्वद माणसं, मागच्या बाजूला वड्यांचा घाणा, पोरांच्या अंगावर निळे शर्ट, ज्येष्ठ नागरिकांना पुढच्या खुर्च्या राखीव. संध्याकाळी ट्रॅव्हिस हेड खेळायला लागला तशी माणसं एकेक करून उठली. आधी बायका स्वयंपाक राहिलाय म्हणून, मग पोरं, मग पुढच्या खुर्च्यांवरचे आजोबा. हेडचं शतक झालं तेव्हा अर्धा हॉल रिकामा होता. मॅक्सवेलने विजयी धावा काढल्या त्या वेळी आम्ही दोघंच होतो, तेही खुर्च्या एकावर एक रचत. अ‍ॅपच्या लेखी त्या हॉलमध्ये टॉसला एक उपकरण होतं, आणि शेवटीही एकच.